खांदेरीच्या बत्तीवाल्यांचीही नोंद व्हावी

महोदय,

खांदेरीसह बारा किल्ल्यांना २०२५मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आता अलिबागजवळच्या थळसमोरच्या या बेटावर वर्दळ वाढेल. तिथल्या १८६७च्या दीपगृहाचे साल आणि उंची फलकावर येईलच. पण ती बत्ती पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी जागवली, त्यांचे काम नेमके काय होते हेही तिथे वाचायला मिळाले पाहिजे.

वातीच्या दिव्यांच्या काळात रात्रीतून उठून काजळी कातरावी लागे, नाहीतर काच काळी पडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉकेलच्या वाफेवरचे दिवे आले. तत्त्व आपल्या गॅसबत्तीचेच. स्पिरिटने नळी तापवायची, पंपाने हवा भरायची, मग वाफ मँटलवर, म्हणजे दिव्याच्या जाळीवर, जळते. नळी पुरती तापण्याआधी रॉकेल सोडले की भडका उडून काजळी भिंगावर बसे. वाफेचे छिद्र बुजले की पिन मारायची, मँटल फुटले की लगेच दुसरे बांधायचे.

खरी कसोटी लागे ती फिरत्या भिंगापाशी. मोठ्या बत्त्यांमध्ये काही टनांचे भिंग पाऱ्यावर तरंगते, म्हणून बोटाने ढकलले तरी फिरते. त्याला गती देणारे वजन मनोऱ्याच्या पोकळीतून हळूहळू खाली उतरे. ते हँडल मारून पुन्हा वर चढवायचे, रात्रभर. पाऱ्यावर मळी साचली की भिंग जड फिरते. कोणती बत्ती ते झोत किती सेकंदांनी येतो त्यावरून ओळखतात; दहा सेकंदांनी येणारा झोत बारा सेकंदांनी आला, तर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ती भलतीच बत्ती समजेल! म्हणून पारा काढून मऊ चामड्यातून गाळून घेत. यंत्रच बसले तर घड्याळ समोर ठेवून भिंग हाताने फिरवत. त्या कोंदट खोलीत पाऱ्याची वाफ छातीत जाई, याबद्दल फार कमी बोलले जाते.

सकाळ झाली की भिंगाभोवती पडदे. नाहीतर ऊन भिंगातून आत एकवटून दिव्याचे भाग जाळू शकते.

खांदेरीवर जुनी यंत्रे, सुटे भाग, रोजनिश्या यांतले जे काही उरले असेल, त्याची यादी संबंधित खात्याने आताच करावी. दुरुस्तीच्या कामात पितळ सगळ्यात आधी भंगारात जाते. रोजनिश्यांतली रक्षकांची नावे सालवार उतरवून दीपगृहाच्या दाराशी लावावीत, आणि तिथे काम केलेले जे हयात आहेत त्यांच्याकडून हे सारे ध्वनिमुद्रित करून घ्यावे.

– एक वाचक, अलिबाग