इन्क्विझिशनवरच्या लेखात पाद्र्यांचे खटले राहिले

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला गोव्याच्या इन्क्विझिशनवरचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळात श्रद्धेविरुद्धच्या गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या कोर्टावरचा, लेख वाचला. 1560 ला सुरू झालं, 1774 ला बंद करून 4 वर्षांत परत आणलं, शेवटी 1812 ला कायमचं गेलं, हे सगळं बरोबर दिलंय. पण अशा कोर्टांपुढे पाद्रीसुद्धा आरोपी म्हणून यायचे हे लेखात कुठेच नाही, आणि मला तेच फार खटकलं.

कन्फेशनला, म्हणजे पाद्र्यापुढे पापांची कबुली द्यायला, आलेल्या बाईकडे त्याने नको ती मागणी केली तर ते नुसतं वाईट चालीचं प्रकरण धरत नसत, पवित्र विधीचा गैरवापर म्हणजे श्रद्धेतच खोट असा संशय घेऊन केस इन्क्विझिशनकडे जायची, आणि 1622 ला पोप पंधरावे ग्रेगरी यांनी हा नियम सगळ्या चर्चला लावला. मेक्सिकोतल्या इन्क्विझिशनचे असे कितीतरी कागद आजही वाचायला मिळतात. बाई पुढे दुसऱ्या पाद्र्याकडे गेली की तो सांगायचा, आधी जाऊन तक्रार कर. म्हणजे तोंड उघडायचं तिनेच. आणि शिक्षा काय, तर कन्फेशन ऐकायला बंदी, मठात ठेवणं नाहीतर हद्दपारी, तीही बंद दाराआड, चर्चची अब्रू जायला नको म्हणून.

याउलट बाटलेला गरीब माणूस जुन्या चाली पाळताना सापडला की त्याला पिवळा झगा घालून चारचौघांत मिरवायचे. 1736 चा गोव्याचा हुकूम बघा, दारात तुळस नको, लग्नात हळद नको, भात मीठ न घालता शिजवायचा नाही! परवा आमच्याकडे पुतणीची हळद होती, सगळ्या बायका गाणी म्हणत होत्या आणि माझ्या डोक्यातून हे जाईना.

बडोद्याहून वापीला उतरलं की दमण जवळच, तिथे 1673 ला देलों नावाच्या फ्रेंच डॉक्टरला बाप्तिस्मा आणि मूर्ती याबद्दल बोलल्यावरून धरलं, आरोप कोणी केला ते आरोपीला सांगायचे नाहीत. तो सुटून फ्रान्सला गेला आणि 1687 ला त्याने पुस्तक छापलं म्हणून गोव्यातल्या कोठड्या आपल्याला माहीत. गोव्याचे खटल्यांचे बहुतेक कागद मात्र नंतर जाळले, लिस्बनला 1623 पर्यंतच्या साधारण 3,800 केसेसची यादी उरलीय.

तेव्हा पुढचा भाग छापाल त्यात कन्फेशनमधल्या त्या बायकांबद्दलही लिहा, ही कळकळीची विनंती.

आपला एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा