पाल्सच्या खाचरांवरून

जिरोना,
५ ऑक्टोबर

ती. आप्पांस,
शि. सा. न.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर सांगायला घेतलं की तिसऱ्या वाक्याला तुम्ही "बरंय, ठेवतो, बिल वाढतंय" म्हणता. या फोनला बिल येत नाही, हे मी दीड वर्ष सांगतेय. म्हणून शेवटी कागद घेतला. आईला वाचून दाखवा, फक्त मधला किल्ल्याचा भाग गाळा.

मागच्या आठवड्यात तीन दिवसांची सुट्टी जोडून आली, तर सायकल भाड्यानं घेऊन स्पेनच्या या ईशान्य कोपऱ्यातल्या एम्पोर्दात फिरून आले. तुम्ही विचारलं होतंत, "सपाट रानात सायकलवर बसून बघायचं काय? डोंगर तरी असावा." मलाही जाताना तसंच वाटत होतं.

उत्तरेला पिरेनीजचे डोंगर, पूर्वेला समुद्र आणि मधे नद्यांनी आणून टाकलेला गाळ, असा हा मुलूख. नद्यांपैकी एकीचं नाव तेर. पाटीवर वाचलं आणि मला एकदम आपल्या तेर गावचे गोरोबाकाका आठवले. इथल्या तेरला त्याचं काही सोयरसुतक नाही, पण माझा पहिला दिवस त्या एका पाटीनं गोड केला.

जिरोनाहून रेल्वेनं फ्लासाला उतरले. सायकल डब्यातच घेऊ देतात. स्टेशनातून बाहेर पडलं की दहा मिनिटांत मोटारींचा आवाज संपतो. शेतातले कच्चे रस्ते, आपल्या बैलगाडीच्या वाटेएवढे रुंद, आणि दर फाट्यावर खांबाला एक आकडा. निघताना चिठ्ठीवर आकडे लिहून घ्यायचे आणि एकामागून एक गाठत जायचं. नकाशा उघडावाच लागत नाही. मका उभा होता, सूर्यफुलं काळी पडून माना टाकून होती. सफरचंदाची झाडं द्राक्षासारखी तारांवर ताणून बांधलेली, वर गारांसाठी जाळी. तोडणी चालू होती. मजुरांत दोघे पंजाबी निघाले. "मराठी? इकडं कुठं?" म्हणून त्यांनी दोन सफरचंदं हातात ठेवली.

(इथून आईला वाचू नका.) फ्लासाजवळ पूबोल नावाचं गाव आहे. साल्वादोर दाली म्हणून मोठा चित्रकार होऊन गेला, मिशा वर वळवलेला. त्यानं बायकोला तिथला जुना किल्ला घेऊन दिला. तिची अट काय, तर मी लेखी आमंत्रण दिल्याशिवाय तू इथं यायचं नाही. आणि त्यानं ती कबूल केली! आईच्या कानावर गेलं तर ती उद्याच माळ्यावरची खोली स्वतःच्या नावावर मागेल. (इथून वाचा.)

संध्याकाळी पेराताल्यादाला पोचले. नावाचा अर्थच कोरलेला दगड. गावाभोवतीचा खंदक सबंध खडकात खोदलेला आहे. तट, वाडे, रस्ते, सगळं त्याच पिवळसर दगडाचं. वेशीपाशी उघड्या खडकावरून वाट आत जाते आणि त्या खडकात गाडीच्या चाकांनी पडलेल्या दोन चाऱ्या आहेत. मी खाली बसून हात घातला, मनगटापर्यंत बुडाला. कडा गुळगुळीत, तळाला थोडी माती, त्यात गवताची दोन पाती. चाकोरी, चाकोरी म्हणून आपण म्हणतो, सरांनी निबंधात 'चाकोरीबाहेरचे जीवन' वगैरे लिहायला लावलेलं. पण खरी चाकोरी मी त्या दिवशी पाहिली. दगड झिजायला किती गाड्या गेल्या असतील! माझी सायकल त्यात घालून बघितली. चाक अडकलं आणि मी पडले. लागलं नाही. एका म्हाताऱ्या बाईनं खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी पाल्स. गाव टेकडीवर, जुना गोल मनोरा वगैरे आहे, पर्यटकांची गर्दीही आहे, ते सोडा. टेकडीवरून खाली बघितलं आणि मी तिथंच थांबले. खाचरं! बांध घातलेली, लोंब्या पिवळ्या पडून वाकलेल्या, मधून पाट. क्षणभर वाटलं आपल्या शिवाराच्या वरच्या अंगाला उभी आहे. खाचरं मात्र आपल्यापेक्षा कितीतरी मोठी, एकेकात आपलं अख्खं रान मावेल. पाणी तेर नदीचं, कालव्यानं आणलेलं. इथला भात जुना आहे, काही शतकांचा. पण पाणी साचलं की डास, डास झाले की हिवताप, म्हणून अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लोकांची भातावरून भांडणं झाली, बंदीही आली. विसाव्या शतकात पीक पुन्हा उभं राहिलं.

नेमकं त्याच पाटाकडेला माझं पंक्चर झालं. दुकानदारानं सामान दिलं होतं, पण भोक सापडेना. मग तुम्ही करायचात तसं केलं. ट्यूबमध्ये हवा भरली, पाटात बुडवली आणि फिरवत गेले. बुडबुडे आले तिथं बोट ठेवलं, पुसलं, कानस मारली, सोल्युशन लावून फुंकर घातली. दुधाच्या किटल्या कॅरियरला अडकवून तुम्ही डेअरीला निघायचात आणि ओढ्यापाशी बसून हेच करायचात. मी पंप धरून उभी असायचे. हात आपोआप चालले. मागं कोणीतरी उभं आहे हे मला ठिगळ बसल्यावर कळलं.

सत्तरीचे शेतकरी होते. माझं काताला, म्हणजे इथली भाषा, मोडकंतोडकं, त्यांना इंग्रजी नाही. कुठली, विचारलं. इंदिया म्हटल्यावर ते शेताकडं बोट करून म्हणाले, अर्रोस? मी म्हटलं, हो, आमचाही अर्रोस. झालं, तासभर सुटका नाही. इथं रोपं लावत नाहीत, बी थेट टाकतात, मे महिन्यात. कापणी यंत्रानं. आपण चिखलणी करून वाकून एकेक चूड लावतो, हे मी अभिनय करून दाखवलं तर ते हसायला लागले. म्हणाले, जूनमध्ये इथं हातानं लावणीचा कार्यक्रम होतो, लोक हौसेनं चिखलात उतरतात, फोटो काढतात. मी म्हटलं, आमच्या मावळातपण पुण्याचे लोक पैसे भरून लावणीला येतात, वर पिठलं-भाकरी खाऊन जातात. ते त्यांना इतकं पटलं की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली, ती शेवटी लिहिते.

गावातून बोंबा जातीचा एक किलो तांदूळ घेतला. कापडी पिशवी, वर शिक्का, साडेचार युरो. म्हणजे चारशे रुपयांच्या वर हो, आप्पा, एका किलोला! इंद्रायणीला व्यापारी काय देतो ते आठवून मला तिथंच राग आला. घरी आल्यावर शिजवला. दाणा आखूड, बुटका, पाणी पिऊन टच्च फुगतो पण फुटत नाही आणि एकमेकांना चिकटतही नाही. ते लोक कांदा तांबूस होईस्तोवर परततात, मासळीचं पाणी घालतात आणि त्यात हा शिजवतात, छान लागतो. पण वरणाशी कालवायला गेलं तर निसटतो. वासही नाही. आईच्या मऊ भाताची सर नाही.

आता तुमच्या डोंगराचं. पाल्सच्या उत्तरेला तोर्रोएल्या गाव आणि त्याच्या डोक्यावर मोंतग्री, जेमतेम तीनशे मीटरचा उघडाबोडका डोंगर. वर चौकोनी किल्ला. १२९४ मध्ये बांधायला घेतला आणि सातेक वर्षांत अर्धवट सोडला. चार भिंती आणि बुरूज, आत काही नाही. पण सगळ्या मुलखातून तो दिसतो. वाट चुकले की मान वर करून तो कुठल्या अंगाला आहे ते बघायचं. लोहगड दिसला की आपलं घर कुठं ते कळतं, तसंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सपाटीनं मला सपाटीचा अर्थ शिकवला. इथं उत्तरेचा वारा आहे, त्रामुंताना. पिरेनीजवरून सुटतो तो समुद्राला जाऊन भिडतो. शेतांच्या उत्तर अंगाला सुरूंच्या (सायप्रसच्या) भिंती लावल्यात त्या त्याच्यासाठी, जुन्या घरांना त्या बाजूला खिडक्याही कमी. कोणी विक्षिप्त वागलं तर त्याला त्रामुंताना लागला म्हणतात. मला अंगाला लागला. बारा-पंधरा किलोमीटरला अडीच तास! घाटात निदान माथा दिसतो, माथ्यानंतर उतार मिळतो. इथं रस्ता सरळ, चढ शून्य, आणि पायडल सोडलं की सायकल जागेवर उभी. सुरूंच्या आडोशाला आलं की श्वास घ्यायचा, रांग संपली की पुन्हा थोबाडीत. मोठ्यानं शिव्या दिल्या, मराठीत, कोणाला कळणार आहे.

अशी एम्पुरिएसला पोचले. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक व्यापाऱ्यांनी इथं वसाहत केली, नाव एम्पोरिओन, म्हणजे सरळ 'बाजारपेठ'. आपल्याकडं गावाला नुसतं 'पेठ' म्हणतात तसं. त्यावरूनच सगळ्या मुलखाला एम्पोर्दा. इ.स.पू. २१८ मध्ये रोमन सैन्य याच किनाऱ्याला उतरलं. आता जोती, रांजण, फरशीवरची नक्षी आणि पलीकडं समुद्र. मी एका जोत्याच्या आडोशाला बसून पंजाब्यांचं उरलेलं सफरचंद खाल्लं आणि अर्धा तास काहीच बघितलं नाही. परत फ्लासाला येताना तोच वारा पाठीशी. पायडल मारावंच लागलं नाही.

आता त्या शेतकऱ्याचं. ते म्हणाले, कापणीआधी पाणी तोडायची वेळ आली हे तुम्ही कसं ओळखता? मी म्हटलं, आमचे आप्पा बांधावरून एक लोंबी घेतात, दाणा दाताखाली धरून चावतात, जरा थांबतात आणि मग बांध फोडायला जातात. त्यांनी काही न बोलता लोंबी ओढली, दाणा चावला आणि हुबेहूब तुमच्यासारखी मान हलवली. मग विचारलं, त्यांना दाताला काय कळतं? मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं तुमच्यामागं विळा घेऊन आले, पण हे कधी विचारलंच नाही.

कापणी अजून आठ दिवस चालेल, पुढच्या रविवारी मी पुन्हा तिकडं जाणार आहे. त्याआधी कळवा. मंग्याला सांगा, तो टाइप करून पाठवेल. फोनवर नको, फोनवर तुम्ही "ते कळतं आपसूक" म्हणाल आणि ठेवून द्याल.

आईला नमस्कार, मंग्याला आशीर्वाद.

तुमची,
सुमी