म्हसा-कर्जत रस्त्यावरच्या काकांना, ज्यांचं नाव मी विचारलंच नाही

प्रिय काका,

आषाढातल्या त्या रविवारी तुमच्या खाचरात पुढचं चाक घालून बसलेल्या पांढऱ्या गाडीतली बाई म्हणजे मी. पत्ता माहीत नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय.

मी मुळात पेट्रोल भरायला निघाले होते. मुलुंड चेकनाक्यावरून मागे वळायचं ते वळलेच नाही. पुढे कल्याण, रायत्याच्या पुलाखाली तांबडी झालेली उल्हास नदी, मुरबाड, म्हसा. डाव्या हाताला सिद्धगड ढगात अर्धा गेलेला. मग एक अरुंद फाटा दिसला आणि उगाचच आत शिरले. पावसात अशा रस्त्याची साइडपट्टी म्हणजे नुसता भास असतो, हे मुंबईत गाडी शिकलेल्या माणसाला कोण सांगणार! समोरून टेम्पो आला, मी सभ्यपणे बाजूला घेतली आणि डावं चाक गेलं खाली.

घाबरून मी रेस देत राहिले. तुम्ही भाताची लावणी सोडून, डोक्यावर खताची रिकामी गोणी घेऊन बांधावरून आलात आणि पहिलं वाक्य बोललात, "ताई, बंद करा. जेवढी रेस द्याल तेवढी खाली बसेल." लावणीआधी खाचरात चिखल कालवून चिखलणी करतात तीच मुळी पाणी खाली झिरपू नये म्हणून, तिथे चाक फिरवत राहणं म्हणजे स्वतःच चिखलणी करणं, हे मला तुमच्याकडे बघून कळलं. तुम्ही हातानंच चाकापुढचा चिखल उपसलात. ऐनाच्या फांद्या टाकल्यात, त्यावर दोन गोण्या. तेवढ्यानं भागेना, तेव्हा बांधाचे चार-पाच दगड काढून चाकाखाली सारलेत. स्टेअरिंग सरळ ठेवा, दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा, म्हणालात. मागून तुम्ही, तुमचा मुलगा आणि लावणीच्या दोन बायका. तिसऱ्या खेपेला गाडी डांबरावर आली आणि तुम्ही चौघं गुडघ्यापासून भुवयांपर्यंत एकाच रंगाचे झालात.

पाचशेची नोट पुढे केली तर "हात चिखलाचे आहेत" म्हणून दोन्ही हात मागे घेतलेत. नकार इतका सोपा करून दिलात की मला आग्रह करायलाही जागा उरली नाही. काकूंनी तेवढं विचारलं, "जेवलीस का गं?" आणि बांधावर बसवून तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी हातावर ठेवली. वर पाऊस, खाली भाकरी भिजतेय. मी दोन खाल्ल्या.

पण आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. "एकट्याच?" असं तुमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. पंपावरच्या पोराने विचारलं होतं, म्हशाच्या चहावाल्याने विचारलं होतं, घरी आल्यावर सोसायटीत तर रांगच लागली. बाई एकटी गाडी घेऊन निघाली म्हणजे घरी भांडण तरी झालंय किंवा कुणीतरी दवाखान्यात तरी आहे, अशी सगळ्यांची खात्री. तुम्हाला चाक रुतलेलं दिसलं, ते काढलंत आणि परत खाचरात उतरलात. रोपांच्या मुठी उपटून ठेवल्या होत्या, त्या थांबणार नव्हत्या.

एक गोष्ट मात्र टोचतेय. निघताना आरशात पाहिलं, तर दगड काढले तिथून खाचरातलं पाणी रस्त्याकडे वाहत होतं. मी थांबायला हवं होतं. निदान दगड तरी परत रचू लागायचे.

बुधवारी पार्किंगमध्ये गाडी धुताना चाकाच्या वरच्या खोबणीतून भाताचं एक रोप निघालं, मुळांसकट. कुंडीत लावलंय. मुलुंडच्या बाल्कनीत ते जगेल असं वाटत नाही, पण अजून हिरवं आहे.

बांध लागला ना परत? पाणी टिकलं ना?

तुमची,
पांढऱ्या गाडीवाली ताई