मधुचंद्राच्या बोटीचे तिकीट काढण्याआधी तास मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्ता बरा असेल तर बेळगावचा माणूस चोर्ला घाटातून साधारण तीन तासांत पणजीला पोहोचतो. तोच माणूस लग्नानंतर रात्रभर बसमध्ये अंग आखडून मुंबईला जातो, बॅलार्ड पिअरला बोटीवर चढतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो कुठे, तर मुरगाव बंदरात! यात गैर काही नाही, बोटीत बसण्याचीच हौस असते आणि हौसेला मोल नसते. पण परतलेल्या जोडप्यांचे गाऱ्हाणे बहुधा दोनच गोष्टींचे असते. बोटीवर कोणी धड विचारले नाही, आणि जाहिरातीतला 'निसर्गरम्य किनारा' बसच्या काचेतून पाहावा लागला. लग्नसराईत आपल्या पानांवरही 'हनीमून क्रूझ'च्या चौकटी दिसतात. म्हणून बुकिंगच्या टेबलावर जे विचारायचे राहून जाते, ते आम्ही काही सहल नियोजक इथे लिहीत आहोत.

'तीन रात्री, चार दिवस' यातले पूर्ण दिवस दोनच. पहिला दिवस सामानाची तपासणी, रांगा आणि सुरक्षा कवायत यांत जातो. शेवटच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास खोली सोडावी लागते, आणि मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात. (सकाळचे कपडे त्याच बॅगेत गेले, की नवरा-नवरी रात्रीच्याच कपड्यांत खाली उतरतात. दर फेरीत हे कोणाचे तरी होतेच.)

आता किनारा. छापलेले असते, 'कोची : सकाळी ८ ते संध्याकाळी ५'. वाचणाऱ्याला नऊ तास दिसतात. ही वेळ बोट धक्क्याला लागण्याची आणि सुटण्याची असते, आपले पाय जमिनीवर असण्याची नव्हे. बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी आल्याशिवाय शिडी उघडत नाही. किनाऱ्यावरची सहल बोटीकडून घेतलेल्यांना बोटीतल्या थिएटरमध्ये बसवतात, प्रत्येकाच्या छातीवर आकड्याचा रंगीत स्टिकर चिकटवतात आणि आपला आकडा पुकारेपर्यंत थांबवतात. इथे तासभर सहज जातो. बोट सुटण्याआधी अर्धा ते एक तास सगळे आत हवेत. म्हणजे उरले सात. 'बॅकवॉटर'ची सहल घेतली तर आलप्पुळा (अलेप्पी) सुमारे ५५ किलोमीटर. गर्दीत जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच. उरलेल्या तीन-साडेतीन तासांत जेवण आणि मसाल्याच्या दुकानाचा थांबा. त्या दुकानात बस थांबते ती विक्रीतल्या कमिशनसाठी, तुमच्या वेलदोड्यासाठी नव्हे. हाउसबोटीच्या वाट्याला तास-दीड तास येतो, आणि फोटोत मात्र तीच हाउसबोट असते.

कोचीत एकच दिवस असेल तर फोर्ट कोचीला रिक्षाने जावे, मासेमारीची चिनी जाळी पाहावीत, रमतगमत फिरावे. वार तेवढा पाहावा, कारण मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि शेजारचे ज्यू प्रार्थनास्थळ शनिवारी.

गोव्याचे गणित आपल्याकडच्या माणसाला तरी समजावून सांगावे लागू नये. मुरगावहून अर्ध्या दिवसात दूधसागर धबधबा होत नाही. बंदरापासून धबधब्याजवळचे कुळे गाव सुमारे ६० किलोमीटर, पुढे जीपने जंगलातला खडबडीत रस्ता, पावसाळ्यात तोही बंद. दूधसागर खानापूर-कॅसलरॉकच्या अंगानेच आहे, तो पाहायला मुंबईहून बोटीने येण्याचे कारण नाही. बोटीच्या सहलीत बहुधा जुन्या गोव्याची चर्च, एखादे देऊळ आणि परत, एवढेच बसते. तेवढेच पाहायचे असेल तर ठीक, पण मग त्याला 'निसर्गसहल' म्हणू नये.

लक्षद्वीपची बाब वेगळी आहे. प्रवाळांमुळे मोठी बोट बेटाला लागूच शकत नाही. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि माणसे छोट्या होडीतून नेतात. लाटा वाढल्या की होडीत पाय ठेवणे धोक्याचे होते आणि कप्तान उतरणे रद्द करतो. त्याचे बरोबरच असते, आणि तो अधिकार करारातही लिहिलेला असतो. त्यामुळे 'बेट दाखवले नाही' म्हणून पूर्ण भाडे परत मिळण्याची आशा धरू नये. मात्र सहलीचे वेगळे भरलेले पैसे आणि न लागलेल्या बंदराचे शुल्क मागायला हवेच. बुकिंगच्या वेळी एक प्रश्न विचारावा : बोट धक्क्याला लागणार की होडीने उतरवणार? या एका उत्तरावर सहल पक्की की लाटांच्या मर्जीवर, ते कळते. लक्षद्वीपला प्रवेश परवानाही लागतो, त्याची कागदपत्रे लग्नाच्या धावपळीआधीच देऊन ठेवावीत.

सिंगापूरहून निघणाऱ्या फेऱ्यांत पेनांगला बोट जॉर्ज टाउनच्या दारातच लागते. तिथे सहल विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे, कारण २००८ पासून जागतिक वारसा असलेली ती जुनी पेठ पायीच पाहण्याची आहे. उलट 'क्वालालंपूर' असे छापलेले बंदर प्रत्यक्षात पोर्ट क्लांग असते. तिथून शहर बसने तासाभराहून जास्त लांब आहे. तिथे स्वस्तातली खासगी गाडी करण्याचा मोह होतो, पण वाहतुकीत अडकून उशीर झाला तर बोट थांबत नाही. बोटीनेच नेलेल्या सहलीला उशीर झाला तर मात्र ती थांबते. म्हणून जवळ असेल तर स्वतः जावे आणि लांब असेल तर बोटीची सहल घ्यावी. फेरी परत सिंगापूरलाच संपते, तेव्हा तिथला व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना, तेही पाहून घ्यावे.

खोलीबद्दल. 'इनसाइड' म्हणजे खिडकी नाही. 'ओशन व्ह्यू' म्हणजे खिडकी आहे, पण ती उघडत नाही. त्यातही 'ऑब्स्ट्रक्टेड' लिहिले असेल तर समोर समुद्राऐवजी जीवरक्षक नौकेचे नारिंगी पोट दिसते. 'गॅरंटी' हा शब्द सर्वांत फसवा आहे. त्यात हमी खोलीच्या प्रकाराची असते, नंबर कंपनी ठरवते, आणि तुमच्या वाट्याला डिस्कोच्या खालची किंवा अगदी पुढच्या टोकाची खोली येऊ शकते. पुढच्या टोकाला, खालच्या मजल्यावर, नांगर टाकताना पहाटे साखळीचा जो खडखडाट होतो, त्याने गाढ झोपलेला माणूसही उठून बसतो. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. थोडे जास्त देऊन नंबर पक्का करणे बाल्कनीपेक्षाही उपयोगाचे.

आणि नवविवाहितांच्या खोलीतला 'डबल बेड' बहुतेक वेळा दोन अरुंद पलंग जोडून केलेला असतो. वरून एकच चादर ओढलेली असते. खाली दोन गाद्या आणि मध्ये चार बोटांची फट. बुकिंगवर तशी नोंद नसेल तर पलंग वेगळेच राहतात, दोघांच्या मध्ये एक टेबल घेऊन. म्हणून 'पलंग जोडून, वर एकसंध गादी' ही मागणी लेखी करावी आणि पहिल्याच संध्याकाळी खोलीवाल्याला सांगावी. दुसऱ्या दिवशी सांगितले तर तोवर त्याच्याकडच्या पातळ गाद्या संपलेल्या असतात. फुलांची सजावट, केक, फोटो ही 'हनीमून भेट' व्हाउचरवर एकेक वस्तू लिहून घ्यावी. 'कॉम्प्लिमेंटरी सरप्राइज' एवढेच लिहिलेले असेल तर सरप्राइज असे की काहीच येत नाही.

सेवा खराब असते तिची कारणे बोटीगणिक वेगळी, पण तक्रार वाया जाते ती एकाच कारणाने : ती घरी आल्यावर केली जाते. एसी बंद, गरम पाणी नाही, संडास तुंबला (बोटीवरचे संडास हवेच्या दाबाने ओढणारे असतात, एकाने नको ते टाकले की रांगेतल्या सगळ्या खोल्यांचे अडते), तर लगेच रिसेप्शनला जाऊन नोंद करून घ्यावी. वेळ, खोलीचा नंबर, नोंद घेणाऱ्याच्या बिल्ल्यावरचे नाव टिपावे, फोटो काढावा आणि त्याच दिवशी एजंटला ईमेल करावा. तारखेसकट पुरावा तिथेच तयार होतो. भरपाई म्हणून पुढच्या फेरीचे व्हाउचर देऊ केले आणि त्यावर 'पूर्ण व अंतिम' असे लिहिलेले असेल तर सही करण्याआधी थांबावे. सही झाली की पुढे भांडायला जागा उरत नाही.

पैशांकडे थोडक्यात. परदेशी बोटींवर टिप ऐच्छिक वाटते, पण ती खात्यात आपोआप चढते : माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर. १८ धरले तर दोघांचे चार रात्रींचे १४४ डॉलर, म्हणजे बारा हजार रुपयांच्या पुढे. पेयांवर सेवा आकार वेगळा. खास रेस्टॉरंट, वायफाय वेगळे. डेबिट कार्ड दिले तर अनामत म्हणून अडवलेली रक्कम घरी परतल्यावरही काही दिवस सुटत नाही, म्हणून क्रेडिट कार्डच द्यावे. शेवटच्या रात्री बिल छापून घेऊन ओळ न् ओळ तपासावी, कारण सकाळी काउंटरला रांग असते.

नावाचा घोळ आपल्याकडे नेहमीचा. तिकीट हौसेने सासरच्या नावाने काढलेले, पासपोर्ट माहेरच्या नावाचा. अशा वेळी पाहिला जातो तो पासपोर्ट. देशातल्या फेरीला आधार चालते, पण आपल्याकडच्या आधारवर नाव कन्नड आणि इंग्रजीत असते. त्यातले इंग्रजी स्पेलिंग अक्षरशः तसेच तिकिटावर हवे. मुंबईला आदल्या दिवशी पोहोचावे. बोटीचे चेक-इन सुटण्याच्या बरेच आधी बंद होते, आणि बस घाटात अडकली हे कारण चालत नाही. घरच्या चकल्या आणि डब्यात भरलेला कुंदा बहुतेक बोटींवर तपासणीतच अडवतात. कंपनीचे सीलबंद पाकीट असेल तरच जाते.

वैशाखातल्या लग्नांसाठी एक सूचना. मे महिन्याच्या उत्तरार्धात अरबी समुद्र चढू लागतो. कर्नाटकच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेआधी दर्यात जायचे नाही हे कारवारकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. त्या दिवसांत कोणी अर्ध्या दरात समुद्रसहल देत असेल तर तो दर का उतरला हे समजून घ्यावे.

शेवटी तक्रारीचे. करारात 'वाद मुंबईच्या न्यायकक्षेत' असे असते आणि ते वाचून सीमाभागातला माणूस हात टेकतो. टेकू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे खानापूर, निपाणी, चिकोडीच्या जोडप्याला ती बेळगावात करता येते. मुदत दोन वर्षांची, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. कंपनीबरोबर एजंटलाही प्रतिवादी करावे. मराठीतल्या पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे संवाद यांचे इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर सोबत जोडावे, नाहीतर सुनावणीची एखादी तारीख त्यातच जाते. पण हे सगळे पक्के बिल असेल तर. कागदाच्या चिठ्ठीवर पेनने आकडा लिहून रोख घेणारे एजंट आपल्या गावांत कमी नाहीत, आणि त्या चिठ्ठीवर ना जीएसटी क्रमांक असतो, ना बोटीचे नाव.

आपल्या जाहिरात विभागाला एक विनंती. क्रूझची जाहिरात घेताना तीन ओळी मागून घ्याव्यात : प्रत्येक बंदरात प्रत्यक्ष जमिनीवर मिळणारे तास, टिप आणि शुल्क धरून दोघांची एकूण रक्कम, आणि खोलीचा नेमका प्रकार. 'निसर्गरम्य' ज्या टायपात छापता त्याच टायपात त्या छापाव्यात. आमच्यापैकी कोणाची जाहिरात आली तर तिलाही हाच नियम लावावा.

आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील काही सहल नियोजक