पॅनेलवर फंडीचा उपसागर, खाडी मात्र वर्गाबाहेर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांत ‘डिजिटल वर्ग’ सुरू झाल्याच्या बातम्या वरचेवर वाचायला मिळतात. भिंतीवरच्या मोठ्या डिजिटल पडद्यांची ‘पॅनेल’ किती बसवली, खर्च किती आला आणि फीत कोणी कापली, हे त्यांत असते. त्या पॅनेलवर एखाद्या सोमवारी तिसऱ्या तासाला काय चालते, हे सहसा नसते. भूगोलाची निवृत्त शिक्षिका म्हणून गेली दोन वर्षे मी ऐरोली परिसरातील एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जाते. तेथील एका पाठाची हकिगत या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

सातवीच्या वर्गात भरती-ओहोटीचा पाठ होता. पॅनेलवर तयार चित्रफीत लावली. चंद्राचे आकर्षण, पृथ्वीचे परिवलन, उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारची मोठी) आणि भांगाची (अष्टमीच्या सुमारची लहान) भरती हे सारे तिच्यात नेटके दाखवले होते, आणि उदाहरण होते कॅनडातील फंडीच्या उपसागराचे, जेथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत १६ मीटरपर्यंत फरक पडतो. मुलांना ती इतकी आवडली की त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. संपल्यावर मी विचारले, ‘आज आपल्या खाडीला भरती किती वाजता?’ वर्ग गप्प झाला. शाळेपासून खाडी चालत वीस मिनिटांवर आहे.

थोड्या वेळाने मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी हळूच म्हणाली, ‘आज षष्ठी ना बाई? मग साडेचारला.’ तिचे आजोबा कोळीवाड्यातले जुने मासेमार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्यांचा हिशेब तिला तोंडपाठ होता. ओहोटीला ती ‘सुकती’ म्हणत होती. सहाची पाऊणपट साडेचार, हे वर्गाने फळ्यावर करून पाहिले आणि मग ‘हे खरे निघते का?’ असा प्रश्न मुलांनीच काढला.

पुढचा पंधरवडाभर मुलांनी एक तक्ता ठेवला. एका रकान्यात आजोबांच्या हिशेबाची वेळ, दुसऱ्यात मोबाइलवर मिळणारी भरतीच्या वेळापत्रकातली वेळ. वर्गशिक्षिका शाळेत येताना जेट्टीच्या एकाच खांबाचे रोज ठरावीक वेळी छायाचित्र काढून आणत. दोन रकान्यांतला फरक कधी नगण्य होता, कधी बराच, आणि तो का बदलतो यावर वर्गात अक्षरशः भांडणे झाली. भरती रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते, परंतु उधाणाच्या दिवसांत हा उशीर कमी आणि भांगाच्या दिवसांत जास्त असतो, ही गोष्ट मुलांनी त्या तक्त्यातून शोधली. मी ती आधी सांगितली नव्हती, आणि खरे सांगायचे तर सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकाही वर्गाला सांगितली नव्हती. शेवटच्या दिवशी खांबाची पंधरा छायाचित्रे पॅनेलवर ओळीने लावली, तेव्हा पाण्याची रेघ वरखाली होताना सर्वांना दिसली. त्या पॅनेलचा इतका चांगला उपयोग झालेला मी तोवर पाहिला नव्हता.

पॅनेलला माझा विरोध नाही, हे यावरून ध्यानात यावे. हृदयाच्या झडपांची उघडझाप किंवा बीजाचे अंकुरणे खडूने दाखवता येत नाही. तेथे चित्रफीतच हवी. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी प्रश्न, मग मुलांची खटपट आणि तिला लागेल तेव्हा यंत्र, असा क्रम असला तर वर्ग रंगतो. आधी यंत्र आणि मग त्याच्यासाठी पाठ, असे झाले की मुले प्रेक्षक होतात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, आणि क्यूआर कोड असलेल्या पाठ्यपुस्तकांमुळे ते सर्वांना ठाऊक आहेत. तो कोड कोणा पुरवठादाराने आणून दिलेला नव्हता. आपल्या मुलांना काय अडते हे पाहून शिक्षकाने तो पुस्तकावर चिकटवला आणि शासनाने नंतर उचलला.

खर्चाचे म्हणाल, तर ‘प्लिकर्स’सारखी साधने पाहावीत. प्रत्येक मुलाच्या हातात काळ्यापांढऱ्या नक्षीचे छापील कार्ड असते, त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मूल आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरते आणि शिक्षकाच्या एकाच मोबाइलचा कॅमेरा साऱ्या वर्गाची उत्तरे वाचतो. शेजाऱ्याचे उत्तर कळत नाही, त्यामुळे लाजरे मूलही कार्ड उचलते, आणि कोणता मुद्दा पुन्हा शिकवायचा हे मिनिटभरात समजते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे थांबणे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांब व विचारपूर्वक येतात, हे अमेरिकेतील शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले. त्या दिवशी मी घाई केली असती, तर मागच्या बाकावरचे उत्तर कोणालाच ऐकू आले नसते.

आणि हे काही परदेशातून आणायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, पाने घेऊन बालशिक्षण उभे केले, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, ते २०१४ च्या विभाजनापूर्वीच्या याच ठाणे जिल्ह्यात.

अडचण आहे ती शिक्षकांच्या वेळेची. तक्ता आखायचा, छायाचित्रे लावायची, कार्डे छापायची, तर दिवसात मोकळा तास लागतो. तो ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे आणि मतदारयाद्या यांत जातो. मग तयार चित्रफीत लावणाऱ्या शिक्षकाला दोष कसा द्यावा? म्हणून दोन्ही महापालिकांच्या शिक्षण विभागांना विनंती आहे की, पॅनेलची पुढची खरेदी करण्याआधी ज्या वर्गात ते बसणार त्या शिक्षकांना आठवड्याला दोन तास केवळ तयारीसाठी वेळापत्रकात लावून द्यावेत, आणि पॅनेल किती तास चालू होते याच्या नोंदीऐवजी मुलांनी स्वतः तयार केलेले काय त्यावर दाखवले गेले, याची नोंद शाळांकडून मागवावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई