सेल्युलर जेलला पुरता वेळ द्या: केंद्रीय पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पर्यटन मंत्री,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला, जिल्हा बेळगाव. जानेवारीत आईला घेऊन अंदमानला जाऊन आलो. आमच्याकडे घरोघरी ‘काळं पाणी’ हा शब्द ऐकतच पोरं मोठी होतात. सावरकरांना 1950 साली सुमारे 100 दिवस आमच्याच हिंडलगा तुरुंगात ठेवलं होतं, त्यामुळे ते नाव इथं परकं नाही. आईची कितीतरी वर्षांची इच्छा होती, एकदा अंदमानातली त्यांची कोठडी बघायची.

सहलवाल्यांनी सेल्युलर जेलला दिलेला वेळ होता एक तास. त्याच सहलीत हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या किनाऱ्यावर अख्खा दिवस ठेवला होता. समुद्र सुंदरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या तासात काय झालं ते सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीपुढे रांग, रांगेत फोटो, आणि तिथून थेट गाडीकडे.

आई मात्र वाटेतल्या घाण्यापाशी थांबली. राजकीय कैद्यांना त्याला जुंपायचे, दिवसाला 30 पौंड खोबरेल काढायला लावायचे आणि कमी पडलं तर शिक्षा, हे मी तिला सांगितलं. तिच्या माहेरी शेंगदाण्याचा घाणा होता. दांड्यावर हात ठेवून ती म्हणाली, “बैलाला पण दुपारी सोडत होतो की रे आम्ही.” मग बराच वेळ गप्प होती. तेवढ्यात गाइडची शिट्टी झाली.

साहेब, ती शिट्टी अजून कानात आहे.

1906 साली हा तुरुंग बांधून पूर्ण झाला तेव्हा त्याच्या सात इमारती मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या होत्या. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसूच नये. आज त्यातल्या तीनच उभ्या आहेत. ही रचना पायी फिरून बघितल्याशिवाय कळत नाही. बाबाराव आणि विनायकराव सावरकर, सख्खे भाऊ एकाच तुरुंगात असून त्यांना एकमेकांचं तोंड बघायला किती दिवस लागले, हे त्या भिंतींमध्ये उभं राहिल्यावर उमगतं. क्रांतिकारक उल्हासकर दत्तांचं मन इथं मोडलं. इंदुभूषण रॉय यांनी 1912 मध्ये कोठडीतच गळफास घेतला. 1933 च्या उपोषणात बळजबरीने अन्न घालताना महावीर सिंह गेले. आमच्या गाडीतल्या चाळीस जणांपैकी किती जणांच्या कानावर ही नावं पडली असतील?

म्हणून दोन गोष्टी मागतो. सहल कंपन्यांना मान्यता देताना या स्मारकासाठी किमान अर्धा दिवस राखण्याची अट घालावी. आणि कानाला लावून ऐकायचं निवेदन इथल्या कैद्यांच्या भाषांत मिळावं: बंगाली, पंजाबी, मराठी, मल्याळम. आमच्या शेजाऱ्यांसाठी कन्नडही. त्या कैद्यांनी आपल्या आईला हाक मारली असेल ती याच भाषांत. माझ्या आईला हिंदी जेमतेम समजते. मी कानात कुजबुजत सांगत होतो म्हणून तिला तो घाणा कळला. बाकीच्या आया काय कळून परतल्या असतील?

आम्ही सीमाभागातली माणसं. आपल्या भाषेतली एक पाटी दिसली की उन्हातसुद्धा थांबून वाचतो. त्यामुळे ही मागणी कुणाला हट्टाची वाटली तरी चालेल.

यंदा भाताची सुगी उरकली की आमच्या गावातल्या 22 बायका अंदमानला निघणार आहेत. आईच त्यांना घेऊन जाणार आहे. घाण्यापाशी त्यांना बसायला मिळावं, एवढं त्याआधी करा.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक नागरिक