ओकची फळे वाळवू नयेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कॅलिफोर्नियातील कमी पाण्याच्या बागांविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख उपयुक्त होता. मात्र तेथील खुरट्या ओकची फळे उन्हात खडखडीत वाळवून साठवावीत आणि वसंतात पेरावीत, हा त्यातील सल्ला पाळला तर बहुधा एकही रोप उगवणार नाही.

हा ओक (क्वेर्कस बर्बेरिडिफोलिया) चॅपरल या झुडपी रानातला. पावसाविना उन्हाळा काढणारे आणि वणव्यात जळाल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटणारे हे झाड चिवट खरे, पण त्याचे बी तसे नाही. फणसाच्या आठळीप्रमाणे त्यातील ओल गेली की ते मेले. शिवाय तो पांढऱ्या ओकच्या गटातला असल्याने त्याच्या फळांना थंडीत मुरवावे लागत नाही. शरदात गळलेली फळे पावसाची ओल मिळताच रुजतात, म्हणून ती गोळा करून लगेच पाण्यात टाकावीत, तरंगणारी (सोंडकिड्याच्या अळीने बहुधा पोखरलेली) काढून टाकावीत आणि उरलेली त्याच आठवड्यात पेरावीत. अगदीच अडचण असेल, तर ओलसर भुश्यात घालून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवता येतात.

कोंब दिसण्यापूर्वीच सोटमूळ खोल उतरते. मी एकदा उथळ ट्रेमध्ये पेरणी केली. रोपे दिसायला छान होती, पण मुळे तळाशी वेटोळी झाल्यामुळे लावणीनंतर त्यांतले एकही तगले नाही. तेव्हापासून मी फळ आडवे ठेवून, दोन-तीन सेंटिमीटर खोल, थेट कायमच्या जागी पेरतो आणि खारी व गोफर (जमिनीखाली बिळे करून मुळे कुरतडणारे उंदरासारखे प्राणी) यांच्यापासून बचावासाठी वरून-खालून तारेची जाळी लावतो.

लेखात सुचवलेले बारमाही ठिबकही या झाडाला मानवणारे नाही. पहिले एक-दोन उन्हाळे अधूनमधून खोलवर पाणी द्यावे. पुढे मात्र तापलेल्या मातीत बुंध्याशी ओल राहिली, तर मूळकुज्या बुरशीला आयतेच निमंत्रण मिळते.

जुन्या पुस्तकांत हेच झाड 'क्वेर्कस डुमोसा' या नावाखाली सापडते, परंतु ते नाव आता किनाऱ्यालगतच्या एका दुर्मीळ ओकपुरते राखलेले आहे. त्यामुळे फळे वेचण्यापूर्वी झाडाची ओळख पटवून घ्यावी, आणि राज्य उद्यानांत विनापरवाना वेचणीला मनाई असल्याने ती खासगी जागेतून, मालकाला विचारूनच घ्यावीत.

आपला,
एक वाचक